कूलरचे पाय आणि वजनाचा रकाना

वाळूज एमआयडीसीतल्या समस्त कामगार-अधिकारी बंधुभगिनींना, तसंच उन्हाळ्यानं पोळलेल्या तमाम मराठवाड्याला गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की एका कूलरच्या चार पायांचा निकाल लावण्यासाठी आमच्या कंपनीत उच्चस्तरीय बैठक बसली होती. विषय इतका गंभीर, की कँटीनवाल्यानं चहाबरोबर बिस्किटंही पाठवली.

हसू नका. त्या पायांवर सत्तारभाईंचं अख्खं वेल्डिंग सेक्शन उभं होतं.

आमची कंपनी कूलर बनवायची. कूलर ज्यावर ठेवतात तो लोखंडी स्टँड सत्तारभाईंच्या हाताखाली तयार व्हायचा. अँगल कापायचा, वेल्डिंग मारायचं, घासायचं, रंगवायचं. आमच्या साहेबांना मात्र एका प्रदर्शनात प्लॅस्टिकचा स्टँड दिसला आणि ते प्रेमात पडले.

"आपला स्टँड बघितला की दवाखान्यातलं टेबल आठवतं हो," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक घाबरतं."

प्लॅस्टिकचा स्टँड बाहेरून तयार येणार होता. म्हणजे वेल्डिंग सेक्शन बंद. सत्तारभाईंना डिस्पॅचला बसवतील आणि पिशोरकडून येऊन बजाजनगरात खोल्या घेऊन राहिलेली त्यांची कंत्राटी पोरं घरी जातील. सगळ्यांना हे कळत होतं.

मी व्हॅल्यू इंजिनिअरिंगचा माणूस. म्हणजे काय? वस्तूनं जे काम करायचं ते तसंच्या तसं ठेवायचं आणि तेच काम कमी खर्चात, कमी कटकटीत कसं होईल ते शोधायचं. लोकांना वाटतं हा काटकसरीचा धंदा. काटकसरीत काम कमी होतं, इथं होऊ द्यायचं नसतं. मी साहेबांना म्हटलं, "तीन पर्याय घेऊ. आपला अँगलचा, वाकवलेल्या पाइपचा आणि तुमचा प्लॅस्टिकचा. डिसिजन मॅट्रिक्स लावू. जो येईल तो घेऊ."

"लावा," साहेब म्हणाले. प्लॅस्टिकच येणार याची त्यांना खात्री होती.

डिसिजन मॅट्रिक्स तुम्हीही लावता, फक्त नाव ठाऊक नसतं. आपल्या शहरात भाड्यानं घर बघताना काय करता? भाडं किती, ऑफिस किती लांब, मालक कसा आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येतं. प्रत्येक घराला प्रत्येक बाबतीत मार्क देता. पण चारही बाबी सारख्या महत्त्वाच्या नसतात. पाण्याला दहा आणि मालकाच्या स्वभावाला दोन. मार्कांना त्या आकड्यानं गुणायचं, बेरीज करायची, जास्त बेरजेचं घर घ्यायचं. त्या दहाला आणि दोनला इंग्रजीत वेटेज म्हणतात.

इथं माझ्यातला मराठीचा अभिमानी जागा झाला. सत्तारभाईंना सोपं जावं म्हणून मी सगळा तक्ता मराठीत केला. वेटेजच्या रकान्यावर ठसठशीत लिहिलं: वजन.

तिन्ही स्टँडचे मार्क चाचण्या घेऊन आधीच ठरले होते. किंमत, मजबुती, जोडणीची सोय आणि रंगरूप या चार बाबींची वजनं तेवढी भरायची होती; त्यासाठी कागद आदल्या दिवशीच वाटले होते. बैठकीत साहेब, परचेसचे भालेराव, मार्केटिंगच्या मुळे मॅडम, सत्तारभाई आणि मी. कागद गोळा केले आणि सगळ्यांसमोर पडद्यावर आकडे टाकायला लागलो.

सत्तारभाईंचा कागद आला. मजबुती, अकरा. जोडणीची सोय, दोनशे ग्रॅम. रंगरूप, पाव. किमतीपुढं नुसती रेघ.

साहेबांनी चष्मा पुसला. "सत्तारभाई, रंगरूपाला पाव?"

"जी साहेब. पाव किलोत एक स्टँड आरामात रंगतो. पोरांनी सांडला तर गोष्ट वेगळी."

"आणि हे दोनशे ग्रॅम?"

"नटबोल्ट. काट्यावर तोलून आणलेत, स्टँडचे अकरा किलोपण. अंदाजपंचे नाय."

मुळे मॅडमनी तोंडापुढं फाइल धरली. फाइल हलत होती.

मी खुलासा केला, "अहो, वजन म्हणजे महत्त्व!"

"मग महत्त्व लिहायचं ना, सर! आमच्यात वजन म्हंजे वजनच. मी रातभर सोचतोय, किमतीला वजन कुठून आणू?"

सावरून मी भालेरावांचा कागद घेतला. भालेराव म्हणजे खिळ्याच्या भावासाठी तासभर फोनवर भांडणारा माणूस. त्यांनी किमतीला दिले होते दोन आणि रंगरूपाला दहा.

"भालेराव, तुम्ही? किमतीला दोन?"

भालेराव माझ्या कानाशी आले. त्यांची कुजबूज मात्र गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाते. "तुम्हीच लिहिलंय ना, वजन. साहेबांचं वजन कुठल्या बाजूला हे बघूनच भरलं की."

आता साहेबांनीही फाइल शोधली.

एकच शब्द. वेल्डिंग शॉपमध्ये त्याचा किलो झाला आणि परचेसमध्ये वशिला. सरकारी कचेरीत कागदावर ठेवायचं वजन ते आणखी तिसरंच. नशीब, तिथला कुणी बैठकीला नव्हता.

दुसरी फेरी घेतली. रकान्यावर 'महत्त्व' लिहिलं. पण भालेरावांची नजर पुन्हा साहेबांच्या पेनकडे गेलेली मी पाहिली. म्हटलं, "चिठ्ठ्यांवर नाव घालायचं नाही. घडी घालून डब्यात टाका. सगळ्यांची सरासरी धरू."

"मीपण एकच चिठ्ठी?" साहेब.

"एकच, साहेब."

सत्तारभाई टेबलाकडे बघत होते. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "बरं. घ्या," म्हणाले.

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. किमतीला भरघोस. मजबुतीला त्याहून भरघोस, कारण पाण्यानं भरलेला कूलर गॅलरीत उभा राहतो आणि आपल्याकडचं ऊन प्लॅस्टिकची पापड-कुरडई करतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. रंगरूपाला दहा अशी एकच चिठ्ठी निघाली. कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

पाइपचा स्टँड पहिला आला. अँगलचा दुसरा. प्लॅस्टिक तिसरं.

पाइप वाकवला की कापाकापी वाचते, मालही कमी लागतो. आडव्या पट्ट्यांना मात्र वेल्डिंग लागतंच. म्हणजे सेक्शन राहणार, पोरं राहणार, वर पाइप वाकवायचं मशीन येणार. सत्तारभाईंनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच कपाळ पुसलं. एसी चालू होता.

धडा एवढाच: शब्दाचं भाषांतर करण्याआधी तो शब्द आपल्या गावात काय काय धंदे करतो, याची चौकशी करावी.

साहेब पडद्याकडे बघत पुटपुटले, "पण मी तर दहा दिले होते..."

आणि जन्मात कधी साहेबांपुढं ब्र न काढलेले भालेराव मोठ्यांदा बोलून गेले, "साहेब, तुमचं वजन सरासरीत गेलं!"