आबांचा लाल रुमाल

अमळनेरला तत्त्वज्ञानाचा पेपर होता आणि मला नियतिवाद नीट कळला नव्हता. घडायचे ते माणसाने काहीही केले तरी घडतेच, एवढेच पाठ होते. धरणगावच्या स्टँडवर एक आबा रोज दिसायचे. नाव मी कधी विचारले नाही. गर्दी पाहून ते हसत म्हणायचे, "बठ्ठं लिखेल शे." आणि एसटी पुरती थांबायच्या आत त्यांचा लाल रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा.

त्या दिवशी मी वही छातीशी धरून गाडीतल्या दाटीत उभा होतो. आबांनी मला ओढून स्वतःच्या जागेवर बसवले. "बठ. तुना पेपर शे ना?"

मी भीतभीत विचारले, "आबा, सगळं लिहिलेलंच आहे, तर रुमाल कशाला टाकता?"

"नशीब आंधयं ऱ्हास, भो," ते डोळे मिचकावत म्हणाले. "त्याले खिडकी दखाडनी पडस."

आंधळ्या नशिबाला खिडकी दाखवायची, हे ऐकून आजूबाजूचे सगळे हसले.

पेपरात नियतिवाद आलाच. आधी व्याख्या लिहिली, मग जरा घाबरत रुमालही लिहिला. सरांना पटेल की नाही, ठाऊक नव्हते. पण परतीची गाडी स्टँडात वळली, तेव्हा माझा रुमाल हातात तयार होता.