‘समतल’ची चौकट

“थांबा की वाईच. थांबल्यानं कुनी मेलं न्हाई.” हात आडवा धरून आयुष्यभर हे वाक्य म्हणणारे आबा वलवणजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारी हॉर्न वाजवून जीव खायच्या, आबा शांतपणे तंबाखू मळत राहायचे. निवृत्तीनंतरही तो हात तसाच आडवा जायचा, अगदी लग्नाच्या पंगतीत वाढप्यासमोरसुद्धा.

मग आमच्याकडे शहरी रेल्वे येणार अशी टूम निघाली. मार्ग जमिनीखालून न्यायचा की जमिनीवरून, यावर सभा भरली. अशा सभा तुम्हीही पाहिल्या असतील. बंगलेवाल्यांना भुयारच हवं होतं. वर्षातून चारदा उगवणारी ही मंडळी, पण फाटकात पाच मिनिटं थांबावं लागेल या कल्पनेनंच घायकुतीला आली होती. एका बाईंना खिडकीतून रूळ दिसणं सोसणार नव्हतं. डोंगर पोखरलेला चालणार होता, कारण तो बंगल्याच्या मागच्या बाजूला होता.

आबा उठले. आमच्या वाडीचा झरा त्याच डोंगरातून येतो, आत भोक पाडलं तर पाणी पळून जाईल, त्यापेक्षा गाडी वरून न्या आणि फाटक ठेवा, असं त्यांनी सांगितलं. फाटकावर मी फुकट बसेन, असंही म्हणाले. सभा पोट धरून हसली.

नंतर घरोघरी मतांचे फॉर्म गेले. ते मी तयार केले होते. मी तहसील ऑफिसातला कारकून, आणि माझ्या शुद्ध मराठीची मला भारी घमेंड. ‘जमिनीवरून’ हा शब्द मला गावंढळ वाटला. मी दोन चौकटी छापल्या, ‘भूमिगत’ आणि ‘समतल’.

वाडी ‘समतल’ वाचून घाबरली. तिथली भाताची खाचरं उतारावर, एकाखाली एक. ती बुलडोझरनं सपाट करणार, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला आणि अख्ख्या वाडीनं ‘भूमिगत’वर खूण केली. आबा दारोदार समजावत फिरले, तोवर फॉर्मचे गठ्ठे वर गेले होते. वाडीलाही भुयारच हवंय, असा अहवाल झाला. आबा मला जाब विचारायला आले, तेव्हा मी त्यांना शासकीय परिभाषा ऐकवली. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तपासणीचं यंत्र आलं, डोंगरात खोल भोकं पाडून गेलं. पुढं रेल्वे कुठं अडली कुणास ठाऊक. साहेब बदलून गेले, बंगलेवाले विसरले. झरा त्या उन्हाळ्यात आटला आणि पुढच्या पावसाळ्यानंतरही परत आला नाही.

पवनानगरला लेकीकडे कायमचे राहायला जाण्याआधी आबा ऑफिसात आले. वाडीसाठी टँकर मागायचा अर्ज त्यांनी आणला होता. ‘मागणीचे कारण’ हा रकाना कोरा होता.

“हितं तुमीच लिवा,” ते म्हणाले. “वर तुमचाच शब्द चालतोय.”

मी ‘झरा आटला’ असं लिहिलं. आबांनी ते बोट ठेवून वाचलं, मान हलवली आणि पिशवी उचलून निघून गेले.