सरळ दातांची आई

आमच्या घरात आधी पत्रकं आली, फर्निचर नंतर. वडील सरकारी कारखान्यात नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा ट्रंकेत युनियनची आणि बुवाबाजीविरोधी पत्रकं होती. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्याच कोऱ्या पाठीवर. त्यामुळे कुठलीही खरी गोष्ट चार सरळ वाक्यांत सांगता येते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. जो फार वळणं घेतो तो काहीतरी लपवतो.

बसवनगुडीतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना एआयने बनवलेली चित्रं ओळखायला शिकवायचं मी ठरवलं, ते रागातून. आमच्या भागातल्या एका भाजीवाल्याचं गटारात पालक धुतानाचं बनावट चित्र मोबाइलवर फिरलं आणि लोकांनी त्याची गाडी उलटवली. चित्र खोटं होतं हे कळल्यावरही कुणी गाडी सरळ करायला गेलं नाही. मुख्याध्यापिकांनी शनिवारचा शेवटचा तास दिला. मी एका पानाचं पत्रक केलं, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं इंग्रजीत. शेवटची ओळ अशी होती: खोट्या चित्रामागे कुणाचा तरी फायदा असतो, तो शोधा. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, ती ओळ ठळक कर.

बोटं मोजायची युक्ती मुलांना माझ्याआधीच माहीत होती. ती जुनी झाली अक्का, आता बोटं बरोबर येतात, असं त्यांनी मलाच सांगितलं. मग मी त्यांना दोन्ही कानांतले दागिने ताडून बघायला शिकवलं, मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचायला शिकवलं, सावल्या बघायला शिकवलं. आणि एक प्रश्न दिला: हा फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता? हा प्रश्न मुलांना फार आवडला. सर्जापूर रोडवरच्या एका इमारतीची जाहिरात मी पडद्यावर लावली. गच्चीखाली निळं तळं, तळ्यात हंस. एक म्हणाला, फोटोवाला पाण्यात उभा आहे. दुसरी म्हणाली, हंसावर बसलाय. तिसऱ्याचा मामा तिथेच राहत होता. त्याने सांगितलं की तिथे पाणी फक्त टँकरमध्ये असतं. वर्ग हसून लोटपोट झाला आणि मला वाटलं, जिंकलो.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी हसायची नाही. मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते ते तिने ऐकलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी मराठीत बोलू लागली. तिचं मराठी इथलं जुनं, कन्नड मुरलेलं. घराणं इथे कधी आलं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. वडिलांना ती अण्णा म्हणायची. आई आदल्या वर्षी तापाने गेली होती, हे मला वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं.

एका शनिवारी तास संपल्यावर ती पत्रकाची घडी हातात घेऊन आली.

"अक्का, कुणाचाच फायदा नसला तर?"

मी ताबडतोब उत्तर दिलं. असतोच, नीट शोध. ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली.

काही आठवड्यांनी तिचे वडील शाळेत आले. विमा कचेरीत कारकून, अंगाने किडकिडीत, हातात हेल्मेट. बोलले ते बहुतेक त्या हेल्मेटशीच. बायकोचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. घरात तिच्या फोटोला मुलगी फूल वाहत नव्हती, जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसत होती. पाहुणे येतील, त्यांच्यासमोर काय करायचं, असं ते विचारत होते. मग हळूहळू सगळं सांगितलं. घरातले सगळे फोटो बायकोच काढायची, म्हणून ती कुठल्याच फोटोत नव्हती. एकच सापडला, एका लग्नातला. कडेला उभी, हातात ताट, मान खाली, चेहरा वळलेला. ती गेली त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फलक लावायचा म्हणून ते तो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं, स्माइल बेका? हसू हवंय का? ते म्हणाले, घाला. दुकानदाराने एआयकडून जे काढून दिलं ते इतकं सुंदर होतं की त्यांनी त्याचीच फ्रेम केली.

"मॅडम, हा फोटो खरा आहे असं तिला एकदाच सांगा. तुमचं ऐकते ती."

मी नाही म्हटलं, आणि नुसतं नाही म्हणून थांबले नाही. आज एका भिंतीवर खोटं चालवलं तर उद्या रस्त्यावर कसं अडवणार, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं काय ते मला ठाऊक आहे मॅडम," ते म्हणाले. "मी तिच्याबरोबर राहिलोय."

मी म्हटलं, घरी येईन, पण खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, या तर.

रविवारी दुपारी गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेली एक देखणी बाई होती. रेशमी साडी, दोन्ही कानांत अगदी एकसारख्या कुड्या, एका ओळीत बसलेले पांढरे दात. मुलगी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मी रिक्षात जुळवून ठेवलेली वाक्यं म्हटली. ही तुझी आई नाही, पण तुझ्या वडिलांनी कुणाला फसवलेलं नाही. तो वळलेला चेहरा त्यांना रोज बघवला नसता.

तिने शेंग मोडली. "ते मला माहीत आहे अक्का. अण्णांवर राग नाही माझा."

मग फूल का वाहत नाहीस, मी विचारलं.

"डोळे मिटले की आता हीच येते," ती म्हणाली. "आधी आई यायची."

तिचे वडील कॉफी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले होते. ते तिथेच थांबले. हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रकातली प्रत्येक खूण तिने या चित्रावर ताडून पाहिली होती, रोज, आणि इतकं निरखून तिने आईकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल.

तिनेच तोड काढली. वर्गात काढतो तशा चुका काढू या, म्हणाली, म्हणजे ही पुसली जाईल. ती वळून चित्रासमोर बसली. दात, तिने सुरुवात केली. आईचा पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसताना ती तोंडावर हात धरायची. वडील म्हणाले, आणि रेशमी साडी तिला टोचायची. कपाळावरची एक बट तेल लावूनही बसायची नाही, ती इथे नाही. रंग उजळ आहे. तो तर दुकानदाराने न विचारताच उजळ केला होता. गोरी केल्याशिवाय बाईला मरूही देत नाहीत, मी म्हटलं, आणि वडिलांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ही बाई गांधी बाजारात भाव करेल असं वाटतं तरी का?" ते म्हणाले. "मागतील तेवढं देऊन येईल."

"वर थँक्यू म्हणेल," मुलगी म्हणाली, आणि हसली. तोंडावर हात धरून.

थोडा वेळ घर भरल्यासारखं वाटलं. मला तर मनात नवं पत्रकसुद्धा दिसू लागलं होतं.

मग तिने आईच्या भुवईवरच्या व्रणाचा विषय काढला. कुकरचं झाकण उडून लागलेला, डाव्या भुवईवर.

"उजव्या," वडील म्हणाले.

"डाव्या, अण्णा. झोपताना मी त्याच्यावर बोट ठेवायची."

"अगं, मीच हळद दाबली होती. उजव्या."

लग्नातला फोटो आणला. त्यात खाली घातलेल्या चेहऱ्यावर भुवया म्हणजे दोन पुसट रेघा होत्या. वडिलांनी आपल्या भुवईवर बोट ठेवून बघितलं, मग समोर कुणी उभं असावं तसं हवेत धरून बघितलं. ती डावी म्हणतच राहिली, आवाज चढवून, मग हळू, मग नुसते ओठ हलवून. मला विचारण्यात अर्थ नव्हता. मी त्या बाईला कधी पाहिलंच नव्हतं.

कॉफीवर साय धरली होती. तेवढ्यात वडिलांनी मान वर केली आणि, घरातलं कुणीही करेल तसं, खात्री करायला भिंतीकडे पाहिलं. मुलीने त्यांना पाहताना पाहिलं. मग तिनेही पाहिलं.

तिथे दोन्ही भुवया कोऱ्या होत्या.