मेलबर्नहून पूर्णेला किती वाजता

पूर्णेत मयत झालं की डॉक्टरच्या आधी सितारामकाकांना बोलावणं जायचं. रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड होते. सोलापूरची लेक, नागपूरचा भाऊ कोणत्या गाडीनं आणि किती वाजता पोचेल हे काका बोटांवर मोजून सांगत, आणि त्यावर माती कधी द्यायची ते ठरत असे. काका कधी चुकले नाहीत. ही गोष्ट तेही चारचौघांत सांगत, जरा जास्तच सांगत.

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या सरजाबाई भर दुपारी गेल्या. मुलगा नागसेन इथंच, पण लेक सत्यशीला मेलबर्नला नर्स. तिचा रडत फोन आला, ‘रात्री बाराचं विमान हाय. हैदराबादहून गाडी करून येते. मी येईपर्यंत आईला नेऊ नका.’

नागसेनच्या पोरीनं, राजेश्रीनं, मोबाईलवर पाहून सांगितलं, ‘नऊ-दहा हजार किलोमीटर हाय. सिंगापूरला विमान बदलून चौदा तास.’ काकांनी बोटं मोजली. बारा आणि चौदा, म्हणजे उद्या दुपारी दोनला हैदराबाद. तिथून सडकेनं सहा-साडेसहा तास. रात्री साडेआठ.

‘आजोबा, तिकडची वेळ बघू का?’ राजेश्रीनं विचारलं.

‘चौतीस वर्षं गाड्या चालवल्या म्या. हिशोब आता तुज्याकून शिकू का?’ लोक हसले. पोरीनं मोबाईल खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला लाईट गेली आणि सरजाबाईंना ठेवलेली थंड पेटी बंद पडली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. नागसेननं विचारलं, ‘काका, काय करावं? चार-पाचपर्यंत थांबता येईल, बर्फ आणतो.’

‘साडेआठच्या आत ती येतच न्हाई,’ काका म्हणाले. ‘माऊलीचे हाल करू नका.’

अडीचला नेलं. त्रिसरण झालं, माती झाली. लोक परतून हातपाय धूत होते तेवढ्यात टॅक्सी दारात उभी राहिली. चार वाजले होते.

काकांनी ड्रायव्हरला विचारलं. विमान सकाळी साडेनऊलाच उतरलं होतं. तिचा मोबाईल प्रवासातच बंद पडला होता आणि भावाचा नंबर पाठ नव्हता. मग काकांना उमगलं. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं. रेल्वेला अख्ख्या देशात एकच घड्याळ. दुसरं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रडणाऱ्या बहिणीला नागसेननं सांगितलं, ‘लाईट गेली, ताई. इलाज नव्हता.’ काका दारातच उभे होते. राजेश्रीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिला कळलेलं होतं, आणि ते तिला कळलंय हे काकांना कळलं. तरी माणूस एक शब्द बोलला नाही. मला त्यांचा राग आला तो याचा; चुकण्याचा नाही.

आठ दिवस त्यांनी तोंड दाखवलं नाही. चहा गेला, तर कप तसाच परत यायचा.

निघायच्या दिवशी सत्यशीला स्वतःच त्यांच्या ओट्यावर आली. ‘काका, तुमी होता म्हणून आईचं सगळं वेळेवर झालं, नागसेन म्हणाला,’ असं म्हणत ती पाया पडायला वाकली.

काकांनी पाय मागं ओढले. ‘पडू नको, बाई. लाईटीचं काई न्हाई. तो बर्फ आणायलाच निघाला होता, म्याच नको म्हणलं. पोरगी येळ बघते म्हणाली, तिला गप केलं. दीड तास थांबलो असतो तर तुला आई दिसली असती.’

ती वाकलेली होती तशी सरळ झाली. आईच्या घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली.