मामाजींची पंगत आणि गॅसची लाइन

माझ्या बायकोच्या मामांच्या दारातून आजवर कुणीही उपाशी परत गेलेलं नाही, आणि त्यात त्यांच्याशी भांडायला आलेली माणसंही धरली पाहिजेत. तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या गावी मी नवा जावई म्हणून गेलो, तेव्हा सकाळपासून घरोघर जेवून माझ्या पोटाचा नगारा झाला होता. मी तसं सांगितलं. मामाजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पाट मांडला. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा त्यांच्याकडे जेवतो. बियाण्याची जाहिरात करत फिरणारी गाडी त्यांच्या दारात थांबते आणि ड्रायव्हर भोंगा बंद करून वरणात भाकर कुस्करतो. एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारी तावातावाने भांडायला आला. मामाजी म्हणाले, "पैले जेव, मंग भांडू." तो जेवला, ओट्यावरच घोरला, उठल्यावर चहा प्यायला आणि घरी गेला. धुऱ्याचा वाद अजून तसाच आहे, पण तो कशावरून होता हे दोघांनाही आठवत नाही.

त्यातही पंगत म्हणजे रोडग्यांचीच. कणकेचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यांत तूप ओतायचं, आणि सोबत वांग्याची भाजी अशी की खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही तर मामाजी मसाल्यावर संशय घेतात. जागाही ठरलेली, वावरातल्या निंबाखाली. घरात जेवलं की नुसतं पोट भरतं, असं त्यांचं मत आहे.

मध्यंतरी त्या भागातून गॅसची पाइपलाइन न्यायचं घाटू लागलं. मोजणीची माणसं आली, लाल झेंड्या रोवून गेली, आणि त्या झेंड्या नेमक्या गावाच्या गोड्या विहिरीला खेटून गेल्या. हा सगळा खारपाणपट्टा. कुठंही खोदा, पाणी मचूळ लागतं. साबण फेसत नाही, चहातलं दूध नासतं. नळ आहे, पण तो येईल तेव्हा खरा. गावाला भरवशाची अशी ही एकच विहीर, आणि लाइनीच्या पट्ट्यात विहीर ठेवता येणार नव्हती. ग्रामसभेत कंपनीच्या इंजिनीअर बाईंनी नकाशा दाखवला. त्यावर ती विहीर बाकीच्या विहिरींसारखाच एक ठिपका होती. लोक भडकले, कुणाचं कुणाला ऐकू येईना, बाई कागद गुंडाळू लागल्या. तेव्हा मामाजी उभे राहिले. आता हे सणसणीत काहीतरी सुनावणार म्हणून सगळे गप्प झाले, आणि मामाजींनी बाईंना निंबाखाली जेवायचं आवतण दिलं.

बेत पक्का होता. दोन माठ भरायचे, एकात हापशीचं खारं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. भाजी नेहमीपेक्षा झणझणीत. बाईंनी पाणी मागितलं की पहिला पेला खाऱ्याचा. म्हणजे भाषण न करता मुद्दा घशाखाली उतरेल. हे त्यांनी आम्हाला इतकं पढवलं की मामी शेवटी कंटाळून चुलीकडे निघून गेल्या.

दुसऱ्याच घासाला बाईंना ठसका लागला. मामाजींनी खाऱ्या माठातून पेला भरला, बाईंपाशी नेला आणि तिथेच थबकले. मग तो पेला त्यांनी स्वतःच घटाघटा रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि लगबगीने गोडं पाणी आणून बाईंच्या हातात दिलं. या माणसाने गावाची विहीर घालवली म्हणत मामींनी कपाळावर हात मारला. मामाजी खाली मान घालून म्हणाले, "पाव्हण्याले खारं पानी कसं देऊ मी?"

काहीतरी बिनसलं आहे हे बाईंना कळलं. त्या उठून खाऱ्या माठाकडे गेल्या, तर मामाजी आडवे. ते पाणी तुमच्यासाठी नाही, असं एकसारखं सांगू लागले. मग ते कुणासाठी आहे, असं बाईंनी विचारलं.

"आमच्यासाठी, बाई," मामी म्हणाल्या. "विहीर गेली का आमी हेच पिऊ."

बाईंनी हट्टाने त्यातलं घोटभर घेतलं आणि कसंबसं गिळलं. त्यानंतर त्या विहिरीवर गेल्या. अर्थात ताटातला रोडगा संपल्यावरच, त्याआधी मामाजींनी जाऊच दिलं नाही. परत येऊन त्यांनी नकाशा पसरला. लाइन वळवता येईल, म्हणाल्या, पण मग ती कुणाच्या तरी वावरातून जाणार. पट्ट्यात पेरणी चालेल, झाड मात्र ठेवता येणार नाही. पंगतीतला प्रत्येक जण आपल्या ताटात काहीतरी हरवल्यासारखा शोधू लागला. मामाजी म्हणाले, "इथून न्या. हे माह्यंच वावर हाय."

वरून मंजुरी आली, विहिरीजवळच्या झेंड्या निघाल्या, त्या दिवशी गावाने जो गुलाल उधळला तो माझ्या शर्टावरून अजून गेलेला नाही. मामाजींना ट्रॅक्टरवर बसवून मिरवणूक काढली. ती मारुतीच्या पारापाशी अडली, कारण वाजवणारे जेवलेत की नाही याची मामाजी चौकशी करत होते. बाया विहिरीवर हंडे भरता भरता हसत होत्या. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. हे माझे मामेसासरे, असं मी अकोल्यात भेटेल त्याला सांगत सुटलो.

परवा पुन्हा गेलो होतो. लाइन अजून यायची आहे, निंब उभा आहे, त्याच्या बुंध्याशी आता लाल झेंडी आहे. पंगत सावलीत बसली होती आणि मामाजी एकटेच ताट घेऊन बाहेर, भर उन्हात. मी इकडे या म्हटलं, तर हलले नाहीत.

"बसा तुमी सावलीत, जवाईबुवा," ते म्हणाले. "मी सवय करून राहिलो."

मी माझं ताट उचललं आणि त्यांच्याशेजारी उन्हात जाऊन बसलो. त्यांनी माझा रोडगा फोडला आणि त्यात तूप ओतलं.