माझा पिवळा वाडगा आणि त्यांची छत्री

कुत्रा टेबलावर चढवला की बाई आधी त्याचं तोंड हुंगत. हात लावायच्या आधी, चष्मा कपाळावर सरकवून, नाक थेट जबड्यापाशी. मग मालकाकडे वळून विचारत, "काय लावून आनलं भाऊ? खरं सांगा."

बालाघाटच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. तुमच्यापैकी कुणी तिथे बकरी किंवा कुत्रा नेला असेल, तर हे पाहिलंच असेल. आमच्याकडे जनावराला खाज सुटली की करंजाचं तेल चोपडतात, नाही तर गॅरेजमधलं जळकं ऑइल. दवाखान्यात मात्र म्हणतात, काहीच लावलं नाही. बाईंच्या नाकापुढे ते चालत नसे.

माझ्या शेरूच्या हनुवटीवर लाल पुरळ उठलं. केस झडले. तोंड जमिनीवर घासून घासून त्याने रक्त काढलं आणि खाणंच सोडलं. कटंगीच्या बाजारात मी जमिनीवर मग-बादल्या मांडून बसायचो, तेव्हापासूनचा हा सोबती. आज बालाघाटात माझं प्लास्टिकच्या सामानाचं पक्कं दुकान आहे. शेरूला उचलून धावतच गेलो.

बाईंनी हुंगलं. "जळकं ऑइल." मी मान डोलावली. त्याने कातडी आणखी भाजते आणि चाटलं तर पोटात जातं, असं सुनावून त्यांनी हनुवटी हलकेच खरवडली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. किडे नव्हते. मग विचारलं, हा जेवतो कशात? मी ऐटीत घरून पिवळा वाडगा आणला, माझ्याच दुकानातला. त्यांनी आतून बोट फिरवलं. ओरखडेच ओरखडे, आणि त्यांत जुन्या भाताचा चिकटा.

"बिमारी या भांड्यात हाय. स्टीलचं ठेवा, रोज घासा."

भर दवाखान्यात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर! माझं डोकंच फिरलं. माझा माल बदनाम करता काय म्हणून मी तावातावाने भांडलो. बाई ऐकत होत्या आणि कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून शेरूची हनुवटी पुसत होत्या. घासत नव्हत्या, टिपून कोरडी करत होत्या. मलम दिलं, गोळ्या दिल्या. खाजवू द्यायचं नाही, गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा हवा, म्हणाल्या. तो दवाखान्यात संपला होता.

मला संधी दिसली! दुकानातून बादली आणली, बूड कापलं, काठाला कापड शिवलं आणि शेरूच्या गळ्यात अडकवली. बाई इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला.

"पाहा म्याडम, प्लास्टिकच कामी आलं न त्याले?"

"हौ. बादली पास, वाडगा फेल."

शेरू बरा झाला. केस परत आले, स्टीलची थाळी घरभर वाजवत तो जेवू लागला. पण बाईंनी माझा वाडगा काही परत केला नाही! टेबलावर ठेवून येईल त्याला दाखवायच्या, असं भांडं वापरू नका म्हणून. मी प्रत्येक फेरीला मागायचो. बदल्यात कोरा करकरीत वाडगा देतो, वर एक मगही देतो, म्हणायचो. "पाहू," म्हणायच्या.

यंदा त्यांची मलाजखंडला बदली झाली. कळताच पळत गेलो. टेबल रिकामं. घाईत स्वतःची छत्री खुंटीवर विसरल्या होत्या. वाडगा मात्र आठवणीने नेला होता.

छत्री मी दुकानात आणून ठेवली आहे. निरोप धाडला, वाडगा आणा, छत्री न्या. उलट निरोप आला, "पाहू."

मी सोडणार नाही. पण सकाळी शटर उघडलं की शेरू माझ्याआधी कोपऱ्यात जातो, छत्रीच्या मुठीला थेट नाक लावतो आणि बराच वेळ हुंगत राहतो.