टाकीतली हळद

जगात कुठेही पाण्याचा एक थेंब फुकट गळू लागला की ते उंब्रजला बसल्या जागी आपल्याला कळतं, अशी आमच्या मामाची ठाम समजूत आहे. नुसती समजूत असती तर आम्ही सगळ्यांनी ती गोड मानून घेतली असती. पण कळल्यावर तो येतो. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत दोन पान्हे, पाइपाच्या सांध्यांना लावायचा सुताचा गुंडा, सफेद्याची डबी आणि एक पितळी पेला. मग तो लग्नाला निघालेला असो, बारशाला असो, नाही तर कुणाच्या दहाव्याला. पिशवी बरोबर असतेच. कवठे महांकाळला एका लग्नात जेवणाच्या मांडवामागे पिंपाची तोटी ठिबकत होती. मामाने पाहुणा म्हणून बांधलेला मानाचा फेटा उतरवला, त्याची पट्टी फाडून तोटीला आवळली आणि नवरा-नवरीचा फोटो निघेपर्यंत तिथेच बोडक्या डोक्याने पहारा केला. "दुष्काळी भागात पाणी गळतंय आन् तुमी जिलेब्या खाताय?" असं त्याने नवऱ्याच्या बापाला विचारलं. एकदा आजारी मेव्हण्याला बघायला दवाखान्यात गेला, तर आधी त्याने बेसिनचा नळ तपासला, मग खाटेकडे वळला आणि थेंब थेंब उतरणारं सलाइन बघताच सवयीने हात घालून ते बंद केलं. नर्स किंचाळत आली. मामा म्हणाला, "बाई, मला वाटलं गळतंय." मेव्हणा त्या दिवसापासून मामा येणार असं कळलं की आधी बरा होतो.

हा सगळा इतिहास ठाऊक असूनही सांगलीच्या आमच्या घराची गळती शोधायला मीच त्याला बोलावलं, कारण दुसरा इलाज उरला नव्हता. घर वडिलांनी बांधलेलं, बैठं, सगळे पाइप लोखंडी आणि भिंतीत गाडलेले. सकाळी भरलेली गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी होई आणि ते पाणी कुठे जाई याचा पत्ता लागत नसे. पत्ता एकालाच लागला होता, तो आईच्या दम्याला. तिच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली झाली, गिलाव्याला पोपडे सुटले, आणि आई दिवसभर खोकू लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "एक तर ओल घालवा, नाही तर आजींना इथून हलवा." पुण्याच्या ताईने तिच्या उंच इमारतीतली एक खोली आईसाठी रिकामी करून ठेवली आणि दिवाळी झाली की न्यायला येते असं कळवलं. आईला काही जायचं नव्हतं. ती कुणाशी भांडली नाही, फक्त घरातल्या वस्तूंवरून हात फिरवू लागली. दोन प्लंबर येऊन गेले. दोघांचंही म्हणणं, सगळ्या भिंती फोडाव्या लागतील, मग गळती सापडेल. सापडेल तेव्हा घर म्हणून दारावरची पाटी तेवढी राहील, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीच ओळखलं.

मामा आला, आईच्या पाया पडला, उभ्या उभ्याच पाणी प्याला आणि म्हणाला, "आक्का हितनं हलणार न्हाई. पाणी हलंल."

मामाची सगळी नोकरी फौजेत, पूल बांधणाऱ्या तुकडीत गेली. त्यामुळे गळती हा त्याच्या लेखी बिघाड नसून शत्रू असतो. त्याने पहिल्याच दिवशी घराची हद्द पायांनी मोजली, मला गच्चीवर, माझ्या बायकोला मोरीत आणि स्वतःला दिवाणखान्यात 'पोझिशन' दिली. मग शांतता. पितळी पेला भिंतीला लावायचा, पेल्याला कान लावायचा आणि आत पाणी बोलतंय का ते ऐकायचं, ही त्याची पद्धत. त्यासाठी पंखे बंद, मिक्सर बंद, कुकरच्या शिट्टीला बंदी. आईला खोकला आला तरी ती पदर तोंडावर धरून अंगणात जाई. एकदा मामाला अगदी खळखळाट ऐकू आला. त्याने तिथली फरशी उखडली, तेव्हा आत कोरडी ठणठणीत माती निघाली. खळखळाट त्याच्याच पोटातला होता, कारण कुकर बंद असल्याने कुणीच जेवलं नव्हतं.

मी भीत भीत म्हणालो, "मामा, ओल आईच्या खोलीत आहे, तर आधी तीच भिंत बघूया का?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी रंगरूट असतो तर मैदानाला फेऱ्या मारायला गेलो असतो. "गड्या, दुश्मन जितं दिसतो तितं तो कवाच नसतो. आन् त्या भिंतीतली जोडणी कुणी केलीया ठावं हाय का? म्या. सुट्टीवर आल्तो तवा, या हातानं. तितं गळायचा परश्नच न्हाई." असं म्हणून त्याने व्हरांडा खणायला घेतला. आठवडाभरात आमच्या घरात अशी एकही खोली राहिली नाही की जिच्यात खड्डा नाही. अपवाद फक्त आईच्या खोलीचा. पाहुणे आले की आम्ही त्यांना हात धरून बसायला नेत असू.

शेवटी मामाने हळदीचा डाव टाकला. सांगलीत हळदीला काय तोटा! त्याने मार्केट यार्डातून पिशवीभर हळद आणली, पातेल्यात उकळली आणि आम्हा कुणाला न विचारता टाकीत ओतली. जिथे पिवळं दिसेल तिथे शत्रू, असा साधा हिशेब. पण पिवळं सगळीकडेच दिसू लागलं. भात पिवळा, धुणं पिवळं, देव पिवळे. माझी बायको म्हणाली, "मामा, लग्नातसुद्धा मला एवढी हळद लागली नव्हती." मी कुपवाडला ज्या कारखान्यात हिशेब बघतो, तिथे पिवळे कान आणि पिवळी मान घेऊन गेलो, तर गेटवरच्या वॉचमनने "साहेब, या वयात?" एवढंच विचारलं आणि कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंची हाक आली. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ आहे. आईच्या खोलीची बाहेरची बाजू त्या बोळात येते. तिथे भिंतीवर हातभर पिवळा धब्बा उमटला होता आणि त्यातून पिवळे ओघळ खाली येत होते. आम्ही पोचलो तोवर काकूंनी नारळ फोडला होता, उदबत्ती खोचली होती आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" चालू होतं. भिंतीला भंडारा फुटला, खंडोबा आला, ही बातमी गल्लीभर झाली होती. हसू आवरत मी मामाकडे वळलो, तर मामाने चपला काढल्या होत्या. पालीचा खंडोबा हे त्याचं कुलदैवत. त्याने डोळे मिटून हात जोडले आणि तिथलीच पिवळी बोटं कपाळाला लावली.

"मामा, ती हळद तू टाकलीस!"

"टाकली म्याच, ते खरं," मामा डोळे न उघडता म्हणाला. "पर तिला हितनंच बाहीर याला कुणी सांगितलं?"

गळती सापडली होती, पान्हा पिशवीत होता, आणि देवाच्या अंगावर छिन्नी चालवायला कुणी तयार नव्हतं. काकूंनी मार्ग काढला, कौल लावायचा. शेवंतीच्या दोन पाकळ्या भिंतीला चिकटवल्या. उजवी पडली तर फोडायची, डावी पडली तर देऊळ बांधायचं. सगळे श्वास रोखून बसले. पण ओल्या भिंतीला चिकटलेली पाकळी कशाला पडते? दहाचे बारा वाजले, बाराचा एक. मामा दोन्ही पाकळ्यांकडे आलटून पालटून असा बघत होता की त्याला कुठली पडायला हवी आहे ते त्याचं त्यालाच कळेना. आत आई खोकत होती आणि प्रत्येक उबळीला मामाचा चेहरा आणखी लहान होत होता.

अखेर आईच काठी टेकत बोळात आली. तिने भिंतीकडे पाहिलं, नमस्कार केला आणि भावाला म्हणाली, "आरं, देव भिजतोय न्हवं तितं? मग आदी त्येला कोरडा कर. कौल मागनं घे."

मामाने छिन्नी उचलली. चार घावांत वीट निघाली आणि आत पाइपाचा सांधा दिसला, गंजून आट्यांपाशी उलला होता. मामाने जोडलेला तोच सांधा. मामाने त्यावरून बोट फिरवलं, आमच्याकडे वळून छाती पुढे काढली आणि म्हणाला, "बगा! येवढी वर्सं धरून ठिवलं ह्यानं. सरकारी पूल तरी टिकतो का?" मग नवा सांधा बसवताना मात्र त्याने तो तीनदा उघडून पुन्हा आवळला, ते आईने पाहिलं आणि ती उगीचच काकूंशी हळदीच्या भावाबद्दल बोलत राहिली. गिलावा करताना मामाने तिथे एक कोनाडा ठेवला. काकू त्यात अजून दिवा लावतात.

भिंत हळूहळू वाळली. आईचा खोकला उतरला. दिवाळीनंतर ताई आली ती चार दिवस राहून चकल्या घेऊन एकटीच परत गेली. आई पुढची सगळी वर्षं त्याच खोलीत राहिली, रोज सकाळी काकूंशी बोळातून गप्पा मारत, आणि मागच्या वर्षी गेली तीही तिथेच, स्वतःच्या पलंगावर, कुणाला फार त्रास न देता. मामाचे उपकार मी त्याला कधी बोलून दाखवले नाहीत. आमच्याकडे तसं बोलत नाहीत, पण बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

आईचे दिवस झाले, पाहुणे पांगले, त्या दुपारी मामा आईच्या खोलीत पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला होता. खोलीला लागूनच मोरी आहे, तिचा नळ सकाळपासून ठिबकत होता. त्याचं मन जरा दुसरीकडे लागेल म्हणून मी म्हटलं, "मामा, नळ गळतोय बघ."

पिशवी त्याच्या पायाशीच होती. त्याने थोडा वेळ तो आवाज ऐकला. उठला नाही.

"गळू दे रं," तो म्हणाला. "ह्या खोलीत कसला तरी आवाज असू दे."